संगणकाच्या पेटीत काय आहे?

जडवस्तू संग्रह नोंदवही ही कोणत्याही कार्यालयातील सर्वांत कमी वाचली जाणारी वही असावी. टेबल, खुर्ची, कपाट आणि पंखा यांच्या रांगेत तीत संगणकाचीही नोंद असते, आणि पुष्कळदा ती ‘संगणक, १ संच’ एवढ्यावरच संपते. खरेदीचा दिनांक, देयकाचा क्रमांक व किंमत हे रकाने काटेकोरपणे भरलेले आढळतात. परंतु त्या संचात प्रोसेसर कोणता आहे, रॅम किती आहे, माहिती साठविणारी तबकडी जुन्या फिरत्या प्रकारची आहे की नव्या घन प्रकारची आहे, याविषयी वही मौन पाळते. टेबलाच्या बाबतीत असे मौन चालून जाते, कारण टेबल पाहिले की कळते. संगणकाची पेटी मात्र बाहेरून पाहून काहीच कळत नाही. दहा वर्षांपूर्वीची आणि दोन वर्षांपूर्वीची पेटी शेजारी शेजारी ठेवली, तर फार तर धुळीचा थर कमी-अधिक दिसेल.

हे मौन आता महाग पडू लागले आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यक्तिगत वापराच्या संगणकांना सुरक्षाविषयक सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळाव्यात, अशी वाढीव सोय जाहीर झाली. संस्थांसाठी ती वर्षागणिक शुल्क भरून अधिकाधिक तीन वर्षांपर्यंत ठेवण्यात आली. म्हणजे जेथे जेथे विंडोज १० वर काम चालते, तेथे तेथे एकच प्रश्न उभा राहतो: हे यंत्र विंडोज ११ पेलू शकेल, की त्याचे निर्लेखन करावे लागेल? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वयावरून दिले जाते, विक्रेत्याच्या सांगण्यावरून दिले जाते, आणि कित्येकदा अंदाजाने दिले जाते. वास्तविक ते यंत्राच्याच पोटात लिहिलेले असते. ते पडद्यावर, मराठीत आणि एका लहानशा खिडकीत कसे आणता येईल, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ शासकीय कार्यालयांपुरता उरलेला नाही. मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे यांच्या या परिसरात १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ इतकी भरली. एवढ्या वस्तीबरोबर तिची कार्यालयेही येतात. गृहनिर्माण संस्थेची एका खोलीची कचेरी, भाईंदर पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातील हिशेबाचे टेबल, खाजगी शिकवणीवर्ग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारे दुकान, या प्रत्येक ठिकाणी एक-दोन संगणक असतात. त्यांची देखभाल करणारा स्वतंत्र तंत्रज्ञ मात्र तेथे नसतो. यंत्र अडले की मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात ये-जा असणारा एखादा जाणकार बोलाविला जातो, आणि तो जे सांगेल ते प्रमाण मानावे लागते. तो प्रामाणिक असला तरी निर्णय त्याचा होतो. पैसे देणाऱ्याचा होत नाही.

यंत्र स्वतःविषयी काय जाणते

जुन्या काळच्या संगणकांत एक सोय आपोआप होती. यंत्र चालू करताच काळ्या पडद्यावर रॅम मोजल्याचे आकडे भराभर वाढत जाताना दिसत. पाठोपाठ प्रोसेसरचे आणि तबकडीचे नाव उमटे. रोज सकाळी कार्यालय उघडणारा शिपाईसुद्धा आकडा नेहमीचा आहे की नाही, हे सांगू शके. आजच्या यंत्रांवर त्या जागी उत्पादकाचे बोधचिन्ह झळकते आणि मागचा सारा तपशील झाकला जातो. तपशील नाहीसा झालेला नाही. त्याला विचारणारे कोणी राहिलेले नाही, इतकेच.

मदरबोर्डवरील एका चिपमध्ये यंत्राची जन्मपत्रिकाच म्हणावी अशी एक सारणी असते. उत्पादकाचे नाव, नमुना, अनुक्रमांक, रॅमच्या खाचा किती आणि कोणत्या खाचेत किती क्षमतेची पट्टी बसविलेली आहे, हे तीत नोंदलेले असते. विंडोज ही सारणी वाचते, तिला प्रोसेसर व तबकड्यांकडून मिळालेल्या माहितीची जोड देते आणि ती सारी ‘डब्ल्यूएमआय’ नावाच्या भांडारात एकसारख्या रचनेने उपलब्ध करून देते. हे भांडार विंडोज २००० पासून कार्यप्रणालीचाच भाग आहे. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, किंवा इंटरनेटवरून उतरवूनही घ्यावे लागत नाही. हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावयास हवा. कारण ‘संगणकाची संपूर्ण तपासणी मोफत’ असे सांगणारी अनेक अनोळखी साधने इंटरनेटवर असतात, आणि ती बसविताना आपण नेमके काय आत घेत आहोत हे सामान्य वापरकर्त्याला कळणे कठीण असते.

भांडारातील माहिती निरनिराळ्या कप्प्यांत विभागलेली आहे. प्रोसेसरचा कप्पा वेगळा, रॅमच्या पट्ट्यांचा वेगळा, तबकड्यांचा वेगळा. प्रत्येक कप्प्याचे नाव ‘विन ३२’ या शब्दाने सुरू होते, त्यानंतर खालची रेघ येते आणि मग वस्तूचे नाव येते. म्हणून प्रोसेसरचा कप्पा ‘विन ३२ प्रोसेसर’, रॅमचा ‘विन ३२ फिजिकल मेमरी’, तबकडीचा ‘विन ३२ डिस्क ड्राइव्ह’, तर अनुक्रमांक असलेला कप्पा ‘विन ३२ बायोस’. या लेखात ही नावे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांत आणि दोन शब्दांत जागा न सोडता लिहावयाची आहेत.

साधनाची निवड

अशी खिडकी तयार करण्याचे मार्ग अनेक आहेत. पूर्वी ‘एचटीए’ हा प्रकार फार लोकप्रिय होता. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो आला. त्यात व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत चार ओळी लिहिल्या की खिडकी तयार होई. परंतु व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने बंद करीत असल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. तेव्हा आज नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला न जाणे बरे. ‘डब्ल्यूएमआयसी’ ही काळ्या पडद्यावरची जुनी आज्ञाही विंडोज ११ मधून मागे घेण्यात येत आहे. जुन्या पुस्तकांत आणि शिकवणीवर्गांच्या टिपणांत ती अजून आढळते, म्हणून हा उल्लेख.

राहिली पॉवरशेल. २००६ मध्ये प्रथम आलेल्या या साधनाची ५.१ ही आवृत्ती विंडोज १० आणि ११ या दोन्हींत मुळातच बसविलेली असते. स्क्रिप्ट म्हणजे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये क्रमाने लिहिलेल्या आज्ञा होत. ती लिहिण्यास नोटपॅड पुरते. स्वयंपाकाची कृती जशी ओळीओळीने वाचून पदार्थ करावा, तशी पॉवरशेल ती फाईल वाचते आणि सांगितले तेवढे करते.

खिडकीची बांधणी

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नोटपॅड उघडून नवी फाईल घ्यावी. ती जतन करताना नावाच्या शेवटी टिंब देऊन पी, एस ही दोन अक्षरे आणि १ हा आकडा द्यावा. त्याच वेळी खाली ‘एन्कोडिंग’ या शब्दापुढे ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ हा पर्याय निवडावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण अनेकांचा पहिला प्रयत्न येथेच फसतो. पॉवरशेल ५.१ ला फाईलच्या आरंभी ही खूण दिसली नाही, तर ती देवनागरी अक्षरे जुन्या पद्धतीने वाचू पाहते आणि ‘प्रोसेसर’च्या जागी पडद्यावर निरर्थक चिन्हांची माळ उमटते. मराठी चालत नाही असा समज करून घेऊन मंडळी इंग्रजीकडे वळतात. वस्तुतः दोष भाषेचा नसतो, जतन करण्याच्या पद्धतीचा असतो.

पहिल्या ओळीत ‘ॲड-टाइप’ ही आज्ञा देऊन ‘सिस्टिम’, टिंब, ‘विंडोज’, टिंब, ‘फॉर्म्स’ या नावाचा संच मागवावा. खिडक्या, बटणे, मजकुराच्या चौकटी असे तयार सुटे भाग या संचात असतात. हा संच मागविल्याशिवाय पॉवरशेलला खिडकी म्हणजे काय हेच माहीत नसते.

त्यानंतर माहिती गोळा करावयाची. त्यासाठीची आज्ञा ‘गेट-सिमइन्स्टन्स’ अशी आहे: आधी ‘गेट’, मग आडवी रेघ आणि मग सी, आय, एम या अक्षरांना जोडून ‘इन्स्टन्स’. तिच्यापुढे कप्प्याचे नाव लिहिले की त्या कप्प्यातील सर्व नोंदी हाती येतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे एखादे नाव देऊन, बरोबरचे चिन्ह टाकून, त्या नोंदी त्या नावाखाली ठेवून द्याव्यात. प्रोसेसरच्या नोंदीतून ‘नेम’ आणि ‘नंबर ऑफ कोअर्स’ ही दोन मूल्ये घ्यावीत. रॅमच्या नोंदीतून प्रत्येक पट्टीची ‘कपॅसिटी’ आणि ती ज्या खाचेत आहे ते स्थान घ्यावे. स्थानाचे नाव ‘डिव्हाइस लोकेटर’ असे आहे. तबकडीचे ‘मॉडेल’ आणि ‘साइझ’, आणि बायोसच्या कप्प्यातून ‘सिरियल नंबर’ घेतला की आपल्या कामापुरते साहित्य जमते.

माहिती जमली की वाक्ये जुळवावयाची. ‘प्रोसेसर :’ हा मराठी मजकूर आणि त्यापुढे मिळालेले नाव, ‘एकूण रॅम :’ आणि त्यापुढे आकडा, अशा ओळी एकाखाली एक तयार कराव्यात. ओळी जोडताना ओळ तोडण्याची दोन्ही चिन्हे, म्हणजे उलट्या टिकलीनंतर आर आणि उलट्या टिकलीनंतर एन, जोडीने द्यावी लागतात. एकच दिले तर सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत सलग दिसतो.

शेवटी खिडकी. ‘न्यू-ऑब्जेक्ट’ या आज्ञेने एक ‘फॉर्म’ तयार करावा. त्याच्या ‘टेक्स्ट’ या गुणधर्मात जे लिहू ते खिडकीच्या माथ्यावर दिसते. तेथे ‘या संगणकाची माहिती’ असे लिहावे. रुंदी व उंची ठरवावी. मग एक ‘टेक्स्टबॉक्स’ करून त्याला ‘मल्टिलाइन’ आणि ‘रीडओन्ली’ हे दोन गुण द्यावेत. पहिल्यामुळे अनेक ओळी मावतात, तर दुसऱ्यामुळे कोणाला त्यातील मजकूर चुकून बदलता येत नाही. ‘डॉक’ या गुणाला ‘फिल’ असे मूल्य दिले की चौकट पूर्ण खिडकी व्यापते. अक्षरांसाठी ‘निर्मला यूआय’ हा विंडोजमधीलच टंक घ्यावा आणि आकार १२ किंवा १४ ठेवावा. चाळिशी लागलेल्या वाचकांना १४ बरा. जुळविलेल्या ओळी चौकटीत घालाव्यात, चौकट फॉर्ममध्ये बसवावी आणि ‘शोडायलॉग’ ही शेवटची आज्ञा द्यावी. खिडकी उघडते आणि आपण बंद करीपर्यंत उघडी राहते.

माहिती दाखविण्यासाठी साध्या ‘लेबल’चाही उपयोग करता येतो, पण लेबलमधील मजकूर निवडून उतरवून घेता येत नाही. लांबलचक अनुक्रमांक हाताने कागदावर लिहिताना शून्य आणि ओ यांची गल्लत हमखास होते. म्हणून चौकटच योग्य.

फाईलवर दोनदा टिचकी मारली तर ती चालत नाही, नोटपॅडमध्ये उघडते. हा बिघाड नव्हे. अनोळखी स्क्रिप्ट नकळत चालू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ती व्यवस्था आहे. फाईलवर उजवी टिचकी मारून ‘रन विथ पॉवरशेल’ हा पर्याय घ्यावा. त्यात परवानगी त्या एका वेळेपुरतीच मिळते. काही वेळा यंत्र पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेते. कार्यालयाच्या मध्यवर्ती धोरणानुसार स्क्रिप्ट चालविण्यास मनाई असेल, तर ती चोरवाटेने मोडू नये. माहिती तंत्रज्ञान शाखेला फाईल दाखवून संमती घ्यावी. साध्या मजकुराची फाईल असल्याने तीत काय आहे हे वाचून पाहणे त्यांनाही सोपे जाते.

आकडे वाचताना

खिडकी उघडली म्हणजे काम झाले असे नाही. तिच्यातील आकडे कसे वाचावेत, यातच खरी मेख आहे.

यंत्र क्षमता बाइट या एककात सांगते. आठ जीबीची रॅम असेल तर कच्चा आकडा ८,५८,९९,३४,५९२ असा येतो, आणि तो पाहून कोणीही गांगरेल. संगणकाच्या हिशेबात एक जीबी म्हणजे १०२४ चा घन, अर्थात १,०७,३७,४१,८२४ बाइट. या संख्येने भागले की आठ हा ओळखीचा आकडा मिळतो. पॉवरशेलमध्ये १ या आकड्याला जोडून जी आणि बी ही अक्षरे लिहिली, तर ती स्वतःच हा भाजक समजून घेते. मोठी संख्या पाठ ठेवण्याची गरज नाही.

तबकडीच्या बाबतीत मात्र एक जुना वाद उद्भवतो. ५०० जीबीची म्हणून घेतलेली तबकडी खिडकीत ४६५ जीबी इतकीच दिसते. एक टीबीची ९३१ दिसते, तर २५६ जीबीची २३८. दुकानदाराने फसविले, असा ग्रहाकाचा ग्रह होतो. येथे फसवणूक नाही. तबकडी तयार करणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज वर दिलेला मोठा भाजक वापरते. शेर आणि किलो यांतील फरकासारखा हा प्रकार आहे. माल तोच, माप वेगळे. उलट ५०० ची म्हणून दिलेली तबकडी २९८ दाखवू लागली, तर ती खरोखरच ३२० जीबीची आहे असे समजावे आणि देयक घेऊन दुकानात जावे.

रॅमचा आकडा दोन ठिकाणी मिळतो आणि तो दोन्हीकडे सारखा नसतो. ‘विन ३२ कॉम्प्युटर सिस्टिम’ या कप्प्यात विंडोजला वापरावयास मिळालेली रॅम दिसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांत पडद्यावरील चित्रासाठी रॅमचाच काही भाग राखून ठेवलेला असल्याने तेथे आठऐवजी ७.८ किंवा त्याहूनही कमी आकडा येतो. पट्ट्यांच्या कप्प्यातील क्षमतांची बेरीज केली तर पूर्ण आठ येतात. आमच्या मते खिडकीत दोन्ही आकडे दाखवावेत. आणि पट्ट्या स्वतंत्र ओळींत, खाचेच्या नावासह दाखवाव्यात. याचा लाभ पावसाळ्यात कळून येतो. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या शहरात हवेतील ओलावा व खारटपणा धातूच्या संपर्कबिंदूंवर परिणाम करतो. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीचा संपर्क सुटला, तर यंत्र चालूच राहते. केवळ मंद होते. ‘संगणक जुना झाला’ असा निर्णय मग सहज दिला जातो. खिडकीत मात्र दोन ओळींच्या जागी एकच ओळ दिसते, आणि यंत्र बंद करून, विजेची जोडणी काढून, पट्टी स्वच्छ करून पुन्हा नीट बसविण्यापुरतेच काम उरते. ‘विन ३२ फिजिकल मेमरी ॲरे’ या कप्प्यात एकूण खाचांची संख्याही मिळते. खाच रिकामी असेल, तर नवा संगणक घेण्यापेक्षा एक पट्टी घेणे पुष्कळ स्वस्त पडते.

ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीचा आकडा मात्र या मार्गाने घेऊ नये. तो ३२ अंकस्थानांच्या जुन्या मापात साठविलेला असल्याने चार जीबीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. आठ जीबीचे कार्डही चारचेच दिसते.

प्रोसेसरच्या नावात त्याची पिढी दडलेली असते. इंटेलच्या ‘कोअर आय ३-६१००’ या नावात आडव्या रेघेनंतर ६ हा अंक आहे. ही सहावी पिढी. ‘कोअर आय ५-८४००’ ही आठवी, ‘कोअर आय ५-१०४००’ ही दहावी. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर मान्य करण्यात आले आहेत. त्याखेरीज किमान चार जीबी रॅम, ६४ जीबीची साठवण, यूईएफआय प्रकारचे फर्मवेअर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आवश्यक धरली आहे. वरील पहिले यंत्र या कसोटीस उतरत नाही, दुसरे व तिसरे उतरू शकतात. हे तिन्ही यंत्रांचे बाह्य रूप पाहून कोणालाही सांगता आले नसते.

टीपीएमची गोष्ट थोडी सविस्तर सांगावयास हवी, कारण येथेच चांगल्या यंत्रांवर अन्याय होण्याचा संभव अधिक आहे. गुप्त किल्ल्या सांभाळणारा हा एक लहान तिजोरीसारखा भाग आहे. विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या नमुन्यांत टीपीएम २.० असावे, अशी अट मायक्रोसॉफ्टने २८ जुलै २०१६ पासून घातली होती. सुटे भाग जुळवून तयार केलेल्या यंत्रांत मात्र ही सोय मदरबोर्डात असूनही फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेली असू शकते. अशा वेळी विंडोजची तपासणी ‘हे यंत्र पात्र नाही’ असे सांगून मोकळी होते. सोय नाही आणि सोय बंद आहे, यांत केवढे अंतर आहे! फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ किंवा एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ हा पर्याय चालू केला की तेच यंत्र पात्र ठरू शकते. म्हणून आठव्या किंवा पुढील पिढीचा प्रोसेसर दिसत असूनही टीपीएम नाही असे उत्तर आले, तर निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी एकदा तो पडदा पाहिला पाहिजे. पॉवरशेलमध्ये ‘गेट-टीपीएम’ ही आज्ञा आहे. तिला प्रशासकाचे अधिकार लागतात. ते नसतील तर स्क्रिप्टने लाल अक्षरांत चूक दाखविण्यापेक्षा ‘टीपीएम : तपासण्यास प्रशासकाची परवानगी आवश्यक’ अशी ओळ खिडकीत दाखवावी. ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ या शब्दजोडीने ते साधते.

माहितीच्या मर्यादा

भांडारातील माहिती ही यंत्राने स्वतःविषयी दिलेली माहिती आहे, आणि मुळात जे भरले नाही ते तीत सापडणार नाही. जुळवून तयार केलेल्या यंत्रांत उत्पादक, नमुना आणि अनुक्रमांक यांच्या जागी पुष्कळदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असे शब्द येतात. म्हणजे ‘उत्पादकाने भरावयाचे’. कारखान्यात छापलेला कोरा रकाना तसाच आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो. नोंदवहीतील रिकाम्या रकान्यांवर टीका करणाऱ्यांना यातून थोडे समाधान मिळावे. अनुक्रमांक मिळाला, तर तो जपून वापरावा. खिडकीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून सल्ला विचारताना ती ओळ झाकावी.

दुसरी सावधगिरी माणसांविषयीची आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले आणि अमेरिकेतील नागरिकांना तेथील कर खात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळण्याचा प्रकार उघडकीस आला. त्याच जातकुळीचा दुसरा प्रकार ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे’ असे दूरध्वनीवरून सांगणाऱ्यांचा. ते विंडोजमधीलच नोंदींची एक खिडकी उघडावयास सांगतात. प्रत्येक यंत्रात असतात तशा किरकोळ चुकांच्या नोंदी तीत लाल खुणेसह दिसतात, आणि त्यांच्या आधारे भय घातले जाते. भय चालते ते आकड्यांचा अर्थ समोरच्याला ठाऊक नसतो म्हणून. अशा दूरध्वनीवरून कोणालाही आपला संगणक दूरवरून हाताळू देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

जी यंत्रे खरोखरच विंडोज ११ साठी अपात्र आहेत, ती सर्वच टाकाऊ असतात असे नाही. पत्रलेखन, हिशेब आणि शाळेतील सराव यांसाठी ती लिनक्सवर चालू शकतात; सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली त्यांपैकीच एक. तेथेही अशीच खिडकी करता येते. प्रोसेसरसाठी ‘एलएससीपीयू’, रॅमसाठी ‘फ्री’ आणि तबकड्यांसाठी ‘एलएसबीएलके’ या आज्ञांचे उत्तर ‘झेनिटी’ नावाच्या लहान साधनाकडे सोपविले की ते खिडकीत दाखविते. ज्यांचा उपयोग कशालाच उरला नाही, अशी यंत्रे भंगारवाल्याच्या गाडीवर न टाकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावीत. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. देण्यापूर्वी तबकडीवरील माहिती कायमची पुसावी. गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या संगणकात सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, भाडेकरार आणि ओळखपत्रांच्या प्रती असतात, हे निरोप देताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नोंद कशी ठेवावी

खिडकी एकाच यंत्राची माहिती दाखविते. दहा-वीस यंत्रे असतील तर ती एकत्र यावयास हवीत. त्यासाठी खिडकीत एक बटण बसवून त्यावर ‘नोंद करा’ असे लिहावे. ते दाबताच ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ या आज्ञेने त्या यंत्राची माहिती एका ओळीत, स्क्रिप्टच्या शेजारीच असलेल्या फाईलमध्ये जावी. ‘अपेंड’ हा शब्द जोडला नाही तर प्रत्येक नवे यंत्र आधीच्या यंत्राची ओळ पुसून टाकील. आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितले नाही तर मराठी मथळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतील. रकाने मोजकेच असावेत: दिनांक, खोली, प्रोसेसर, रॅम, रिकाम्या खाचा, तबकडी, टीपीएम, अनुक्रमांक. खोलीचे नाव यंत्राला ठाऊक नसते. त्यासाठी खिडकीत एक रिकामी चौकट ठेवावी.

स्क्रिप्ट आणि फाईल एका पेनड्राइव्हवर घेऊन एकेका यंत्राशी जावे. पेनड्राइव्ह आधी विषाणूरोधक प्रणालीने तपासून घ्यावा, नाही तर नोंदींबरोबर दुसरेही काही यंत्रायंत्रांतून फिरेल. प्रत्येक यंत्रास दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. शेवटच्या यंत्रानंतर ती फाईल एक्सेलमध्ये उघडून छापावी आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत संबंधित पानावर चिकटवावी. ज्या ओळीत अनुक्रमांकाच्या जागी ‘उत्पादकाने भरावयाचे’ असे इंग्रजी शब्द आले असतील, तेथे वहीतील जडवस्तू क्रमांक हाताने लिहावा, आणि तोच क्रमांक रंगाने पेटीच्या मागील बाजूवर घालावा.